चिक चॉकलेट : एका गोमंतकीय बँडनायकाची कारकीर्द आणि मराठी संगीतसमीक्षेचे मौन

प्रस्तावना

मराठी संगीतसमीक्षेत गोमंतकाचा उल्लेख निघाला की ठरावीक नावे आपोआप ओठांवर येतात. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि त्याच गावचे पं. जितेंद्र अभिषेकी. देवळाच्या सभामंडपातून निघून मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर आणि मैफलीत स्थिरावलेल्या या परंपरेविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच गोव्यातून, जवळपास त्याच दशकांत, त्याच मुंबईकडे संगीताचा दुसराही एक प्रवाह वाहत होता. तो चर्चच्या आवारातील शाळेतून निघाला होता, त्याच्या हातात व्हायोलिन आणि ट्रम्पेट होते आणि त्याची पोटापाण्याची जागा हॉटेलचा नृत्यकक्ष ही होती. या दुसऱ्या प्रवाहाची दखल मराठी समीक्षेने जवळजवळ घेतलेलीच नाही.

प्रस्तुत लेखात या प्रवाहातील एका बँडनायकाच्या कारकिर्दीचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. आंतोनियो शाविएर वाझ हे त्यांचे मूळ नाव; मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती. त्यांचा जन्म १९१६ साली बार्देश तालुक्यातील हळदोणे या गावी झाला आणि १९६७ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारतातील जॅझविषयी आज अभ्याससाहित्य नाही असे म्हणता येणार नाही. वॉरन पिंकनी यांचा १९८९-९०चा दीर्घ निबंध, हिंदी चित्रपटांच्या वादकांविषयीचा ग्रेगरी बूथ यांचा २००८ सालचा ग्रंथ आणि नरेश फर्नांडिस यांचे २०१२ साली प्रसिद्ध झालेले 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' ही त्यातील महत्त्वाची कामे होत. मात्र ती सर्व इंग्रजीत आहेत. ज्या संगीतकाराबरोबर चिक चॉकलेट यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते सी. रामचंद्र तर आपले पुणतांब्याचे चितळकर. त्यांचे आत्मचरित्रही 'माझ्या जीवनाची सरगम' या नावाने मराठीतच आहे. तेव्हा हा विषय मराठीच्या अंगणाबाहेरचा आहे, ही सबब टिकणारी नाही.

हळदोण्याहून ताजकडे

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चशी संलग्न अशा शाळा होत्या. तेथील मेस्त मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत, व्हायोलिन हाती देत आणि चर्चच्या गायकवृंदासाठी तयार करीत. हेतू धार्मिक होता. परंतु त्याचे ऐहिक फळ असे की, कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजवू शकणारी मुले या चिमुकल्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या तयार होत राहिली. गोव्यात त्यांना काम नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र लष्करी बँड, मूकपटांची चित्रपटगृहे, क्लब, हॉटेले, संस्थानिकांचे दरबार अशी मागणीच मागणी होती. मुंबईत धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावाच्या कूडमध्ये पथारी टाकावी आणि कामाच्या शोधात निघावे, हा या मंडळींचा शिरस्ता. खलाशी, खानसामे आणि वादक एकाच छपराखाली राहत.

एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. १९६१च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. म्हणजे हळदोण्याहून मुंबईत आलेला वादक कायद्याच्या भाषेत परकीय सत्तेचा प्रजाजन होता. केसरबाईंना वा दीनानाथांना आपण 'स्थलांतरित' म्हणत नाही, कारण त्यांनी आपली भाषा आणि आपले राग आणले. चिक चॉकलेट यांच्या बाबतीत मात्र हा शब्द अगदी शब्दशः लागू पडतो. १९५५ नंतर भारत आणि गोवा यांच्यातील दळणवळण जवळजवळ ठप्प झाले, तेव्हा मुंबईच्या पडद्यावर ज्यांच्या संगीतावर प्रेक्षक थिरकत होते त्यांतील कित्येकांना स्वतःच्या गावी जाणे दुरापास्त झाले होते. चित्रपटसंगीताच्या इतिहासात या वस्तुस्थितीला एखादी ओळही क्वचितच मिळते.

मुंबईतील जॅझची खरी शाळा म्हणजे ताजमहाल हॉटेल. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन तेथे आले. पुढील वर्षी क्रिकेट स्मिथ यांचा वाद्यवृंद, त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यात स्थिरावले आणि १९४५ साली तेथेच निवर्तले. अमेरिकेत वर्णभेदाचे चटके सोसलेल्या या कलावंतांनी गोमंतकीय वादकांना आपल्या शेजारी बसविले, ही घटना सांगीतिकदृष्ट्या जेवढी महत्त्वाची तेवढीच सामाजिकदृष्ट्याही. मेस्ताने शिकविलेले वाचन गोमंतकीयांपाशी होतेच. कागद बाजूला ठेवून वाजवावयाचे कसे, हे त्यांना या पाहुण्यांकडून मिळाले. मिकी कोरिया, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही पिढी या शाळेतून घडली. १९४०च्या दशकात चिक चॉकलेट हे स्वतःच्या अकरा जणांच्या वाद्यवृंदासह ताजमध्ये वाजवू लागले होते.

'नक्कल' आणि 'तालीम'

चिक चॉकलेट यांना 'हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग' म्हटले जाई. त्यांची ट्रम्पेटची फेक, घोगरा आवाज, इतकेच काय पण हातातील पांढरा रुमालही आर्मस्ट्राँग यांच्यासारखा होता. या बिरुदात कौतुक आहे आणि कमीपणाही आहे. आपल्याकडे तर कमीपणाच आधी दिसतो. दुसऱ्याच्या कलेची हुबेहूब आवृत्ती काढणारा तो नकलाकार, असे म्हणून समीक्षक मोकळे होतात.

प्रस्तुत लेखिकेला हा निवाडा मान्य नाही. त्याचे कारण जॅझमध्ये शोधण्याची गरज नाही. ते आपल्या ख्यालगायकीतच आहे. घराण्याचा शिष्य वर्षानुवर्षे गुरूची आवाजाची फेक, तानेचा वळसा, समेवर येण्याची लकब, कधी कधी तर बसण्याची ढबही उचलतो. तिला आपण नक्कल म्हणत नाही. तिला तालीम म्हणतो, आणि शिष्य जितका गुरूसारखा गातो तितकी 'घराणेदार' म्हणून त्याची वाखाणणी होते. मग मुंबईतील एक तरुण, ज्याचा गुरू सातासमुद्रापार आहे आणि ज्याच्याशी त्याची भेट फक्त तबकडीच्या पृष्ठभागावर होते, तो हेच करतो तेव्हा आपला शब्द का बदलतो? ग्रामोफोनपुढे बसून एकेक तुकडा शंभर वेळा ऐकणे आणि तो ओठांच्या स्नायूंत उतरविणे, ही तालीमच होय. किंबहुना या तालमीत चूक सुधारणारे कोणी नसते, म्हणून ती अधिक एकाकी असते.

नावाविषयीही थोडे बोलले पाहिजे. वाझ या आडनावात गाव, धर्म आणि वसाहतीचा इतिहास असे सगळेच भरलेले आहे. 'चिक चॉकलेट' या नावात यांपैकी काहीच नाही. त्यात फक्त रंग आहे आणि तोरा आहे. हॉटेलच्या गोऱ्या गिऱ्हाइकांना जॅझवादक सावळा असलेला रुचत असे, कारण त्यांच्या मनातील जॅझचा चेहरा तोच होता. त्या अपेक्षेचा या नावाने उपयोग करून घेतला असे दिसते. नावाची अदलाबदल ही काही एकट्या गोमंतकीयांची रीत नव्हती, हेही विसरू नये. चितळकर हे गायक म्हणून 'चितळकर', संगीतकार म्हणून 'सी. रामचंद्र', तर काही चित्रपटांपुरते 'अण्णासाहेब' आणि 'राम चितळकर' होते. मात्र एकाला नावे वाढविल्याने मान मिळाला आणि दुसऱ्याचे मूळ नाव पुसले गेले, हा फरक लहान नाही.

'अस्सल' लॅटिन म्हणजे कोणते?

१९५० साली रमेश सैगल दिग्दर्शित 'समाधी' हा चित्रपट आला. विषय आझाद हिंद सेनेचा. आणि त्यातील सर्वाधिक गाजलेले गीत 'गोरे गोरे' हे चक्क लॅटिन अमेरिकी नृत्यलयीतले. संगीत सी. रामचंद्र यांचे, साहाय्य चिक चॉकलेट यांचे, स्वर लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे. हे गीत १९४५ सालच्या 'डॉल फेस' या हॉलिवुडच्या चित्रपटातील एका गीतावर बेतलेले आहे, ही गोष्ट सर्वज्ञात आहे आणि चितळकरांच्या 'उसनवारी'चा दाखला म्हणून ती वारंवार पुढे केली जाते.

उसने घेतले हे खरेच. परंतु कोणाकडून घेतले, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पोर्तो रिकोचा डंका पिटणाऱ्या त्या मूळ गीताची चाल जिमी मॅकह्यू यांची, आणि ते बोस्टनचे. पडद्यावर ते गाणाऱ्या कार्मेन मिरांडा या ब्राझीलच्या म्हणून जगप्रसिद्ध. त्यांचा जन्म मात्र १९०९ साली पोर्तुगालमध्ये झाला होता आणि तान्ह्या वयात त्या रिओला आल्या होत्या. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' मानतो ते बोस्टनच्या माणसाने रचलेले, पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या ब्राझिली गायिकेने हॉलिवुडमध्ये गायिलेले कॅरिबियन बेटाचे चित्र होते. ते मुंबईत पोर्तुगालच्याच एका प्रजाजनाच्या हाती आले. त्यात स्वर मिळाला तो मंगेशीच्या दीनानाथांच्या कन्येचा. लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेले गोव्याचे दोन प्रवाह, देवळाचा आणि चर्चचा, एका ध्वनिमुद्रणात एकत्र आले आणि आपल्या समीक्षेने त्याची नोंद 'चाल उचलली' एवढ्या दोन शब्दांत केली.

त्या काळात जगभर लॅटिन संगीत असेच हिंडत होते. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात ते लोकप्रिय करणारे शाविएर कुगाट हे कॅटलोनियात जन्मून क्युबात वाढलेले. लंडनमध्ये ते रुजविणारे एडमंडो रॉस हे त्रिनिदादचे; १९३७ साली ते लंडनला आले आणि पुढे रीजंट स्ट्रीटवर स्वतःच्या नावाचा क्लब चालवू लागले. दोघेही स्थलांतरित, दोघांचाही आधार श्रीमंतांचा नृत्यकक्ष, आणि दोघांनीही अवघड लय सोपी करून स्थानिक पायांना मानवेल अशी केली. चिक चॉकलेट यांची तुलना आर्मस्ट्राँग यांच्यापेक्षा या दोघांशी करणे अधिक उचित ठरेल, असे आम्हांस वाटते. आर्मस्ट्राँग हे प्रथमतः एकल वादक. चिक चॉकलेट हे प्रथमतः बँडनायक. बँडनायकाचे काम केवळ वाजविणे हे नसते. समोरचे पाय थकले आहेत की अजून मागत आहेत हे ओळखून पुढची रचना निवडणे, कोणाला पुढे येऊ द्यावयाचे आणि किती वेळ ते ठरविणे, लय किंचित ओढणे किंवा सोडणे ही त्याची कला. ती कागदावर उतरत नाही, म्हणून तिचे मोल करणे कठीण जाते. तरीही एक फरक आहेच. कुगाट आणि रॉस यांच्या वाद्यवृंदांवर त्यांचेच नाव राहिले. चिक चॉकलेट यांची लोकप्रियता मात्र ज्या माध्यमातून घरोघरी पोहोचली, तेथे नाव दुसऱ्याचे होते.

'अलबेला'

चित्रपटसृष्टीकडे हे वादक का वळले, याचे एक कारण आर्थिक आहे. १९४७ साली हॉटेलांचा गोरा ग्राहक परतू लागला. त्यापाठोपाठ १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि नृत्यकक्षांची रया गेली. मद्य नाही तेथे पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत तेथे बँड कोणासाठी? नेमक्या याच काळात हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद वाढत होते आणि स्वरलिपी वाचणाऱ्यांची तेथे निकड होती. लाहोरहून आलेले सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्याकडे, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अनेक संगीतकारांकडे आणि चिक चॉकलेट हे प्रामुख्याने सी. रामचंद्र यांच्याकडे, अशी ही वाटणी झाली. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल, असा दुहेरी दिनक्रम.

भगवान यांचा 'अलबेला' १९५१चा. या चित्रपटाच्या संगीताविषयी लिहिताना 'धमाल', 'ठेका धरावयास लावणारे' अशी विशेषणे वापरून समीक्षक पुढे सरकतात. थोडे थांबून ऐकले तर काय दिसते? 'शोला जो भडके' या गीतात बोंगो आणि माराकास यांची लय सतत चालू आहे. लॅटिन नृत्यसंगीतातील एक अतिशय परिचित गट तीन, तीन आणि दोन अशा आघातांचा असतो. त्यांची बेरीज आठ होते. आणि आठ मात्रा म्हणजे आपला केरवा. मुंबईच्या स्टुडिओत तबलजी आणि बोंगोवादक शेजारी बसू शकले, त्यांना एकमेकांसाठी काही सोडून द्यावे लागले नाही, त्यामागे ही साधी बेरीज आहे. केरव्याच्या चौपटीवर डोके डोलावणाऱ्या श्रोत्याला त्याच आठ मात्रांची दुसरी फोड ऐकू येते आणि खांदे हलू लागतात. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात शिकलेला संगीतकार आणि हळदोण्याचा बँडनायक यांची गाठ पडली ती या जागी. चितळकरांची चाल गाण्यास सोपी, ओळीच्या शेवटी श्वासाला जागा ठेवणारी असते. त्या मोकळ्या जागांत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट उत्तर देतात. प्रश्न एकाचा, उत्तर दुसऱ्याचे. ही उत्तरे गाळून हे गीत गुणगुणून पाहावे. चाल उरते, गीत उरत नाही. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना धायरीत हे गीत ऐकविले तेव्हा शब्द कोणालाच पाठ नव्हते. ट्रम्पेटचा तुकडा मात्र दोघातिघांनी लगेच तोंडाने वाजवून दाखविला.

त्याच चित्रपटातील 'दीवाना ये परवाना' या गीतात चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद झालरीच्या लॅटिन पेहरावात प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. पडद्यामागील माणसे पडद्यावर येण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. तो आनंदाचा आहे तसाच काहीसा उपरोधाचाही. आपल्या स्वतःच्या कपड्यांत नव्हे, तर तिसऱ्याच खंडातील माणसांच्या वेशात ते दिसू शकले.

श्रेय

संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगतो. साहाय्यक ती स्वरलिपीत उतरवितो, तिच्यासाठी सुरावटींची पूरक गुंफण करतो, आरंभीचा आणि कडव्यांमधील वाद्यसंगीताचा भाग घडवितो, प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र कागद तयार करतो आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाद्यवृंद चालवितो. यातील कितीसा भाग संगीतकाराने सुचविलेला आणि कितीसा साहाय्यकाचा, हे प्रत्येक गीतागणिक बदलत असे. श्रेयनामावलीत मात्र 'साहाय्यक' हा एकच शब्द. मोबदला ठरावीक, एकरकमी. गीत पन्नास वर्षे वाजत राहिले तरी त्यात वाटा नाही. २०१२च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांच्या स्वामित्वधनाला संरक्षण मिळाले; साहाय्यकांच्या या पिढीला त्याचा उपयोग होण्याची वेळ तोवर टळून गेली होती.

येथे उलट टोकाला जाण्याचा मोह टाळला पाहिजे. 'खरे संगीतकार चिक चॉकलेटच होते' अशा प्रकारची विधाने अलीकडे उत्साहाच्या भरात केली जातात. त्यांनी 'नादान' (१९५१) आणि 'रंगीली' (१९५२) या चित्रपटांना स्वतंत्रपणे संगीत दिले, तसेच 'कर भला' (१९५६) या चित्रपटाच्या संगीतातही त्यांचा वाटा होता. 'नादान'मध्ये तर देव आनंद आणि मधुबाला होते. तरीही ही गाणी 'अलबेला'सारखी लोकांच्या जिभेवर राहिली नाहीत. चितळकरांचेही तसेच. 'अनारकली' (१९५३)सारख्या चित्रपटात त्यांना ट्रम्पेटची गरज भासली नाही आणि ती गाणी आजही ताजी आहेत. म्हणजे चाल रचणे हे चितळकरांचे बलस्थान होते आणि चालीला देह देणे हे चिक चॉकलेट यांचे. दोन्ही सर्जनाचीच कामे आहेत. आपल्या समीक्षेच्या परिभाषेत पहिल्यासाठी 'रचना', 'प्रतिभा', 'शैली' असे अनेक शब्द आहेत. दुसऱ्यासाठी 'संयोजन' हा एकच शब्द आहे आणि तोही कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी छापला जातो.

या उपेक्षेला शासकीय अभिरुचीनेही हातभार लावला. केंद्रीय नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. पाश्चात्य मिश्रण हे त्यामागील एक प्रमुख आक्षेपाचे कारण होते. श्रोते सिलोन केंद्राकडे वळले, हा भाग निराळा. परंतु 'शुद्ध' आणि 'भेसळ' ही त्या वेळची फोड मराठी समीक्षेत अद्याप टिकून आहे. चितळकरांवरील लेखनात त्यांची रागदारीवर आधारलेली गाणी गौरवाने येतात आणि 'अलबेला' किंवा 'आशा' (१९५७) यांतील गाणी खट्याळपणाच्या सदरात टाकली जातात. 'ईना मीना डीका' या गीताच्या मुखड्यात कोकणी भाषेतील शब्द आहेत आणि ते जॉन गोम्स या गोमंतकीय वादकाने सुचविले, असे सांगितले जाते. निरर्थक म्हणून हसण्यावारी नेलेल्या त्या अक्षरांत, वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतील माणसाची मातृभाषा अशी अभावितपणे शिरून बसली आहे.

चिक चॉकलेट यांची स्वतःची कारकीर्द इंग्रजी आणि हिंदी यांच्यामध्येच फिरली. कोकणीकडे वळण्याचे काम इतरांनी केले. फ्रँक फर्नांड यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. मडगावचे ट्रम्पेटवादक क्रिस पेरी यांनी लोर्ना यांच्या आवाजात जॅझ आणि लॅटिन लयींना कोकणी शब्द दिले. ती गाणी आजही गोव्याच्या लग्नघरांत वाजतात आणि त्यांच्यावर क्रिस पेरी यांचे नाव ठळकपणे असते. चिक चॉकलेट यांच्या वाद्यवृंदाच्या काही तबकड्या संग्राहकांकडे आहेत. स्टुडिओसाठी लिहिलेले स्वरलिपीचे कागद ध्वनिमुद्रण संपले की टाकून देण्याची रीत असल्याने त्या काळातील असे लेखन फारच थोडे उरले आहे. त्यांच्या कामाचा अभ्यास करावयाचा तर ऐकूनच करावा लागेल. एकेका गीताचे वाद्यपक्ष कानांनी वेगळे काढून, पुन्हा स्वरलिपीत लिहून. ज्या पद्धतीने ते स्वतः आर्मस्ट्राँग शिकले होते, तीच ही पद्धत.